दिवा जरा वर धर

त्या गॅरेजात एक नियम होता आणि तो भिंतीवर कुठेही लिहिलेला नव्हता. बॉनेट उघडलं आणि उस्तादांनी डावा हात मडगार्डवर टेकला की सगळ्यांनी गप्प बसायचं. पंखा बंद, कॉम्प्रेसर बंद, मोबाइल पत्र्याच्या डब्यात, आणि गाडीचा मालक कितीही बडं प्रस्थ असो, त्याने मूग गिळून भिंतीशी उभं राहायचं. मग उस्ताद इंजिनाचं ऐकून घ्यायचे. रुसून बसलेल्या नातवाची तक्रार आजोबा ऐकून घेतात तसं, मध्ये न बोलता.

ऐकून झालं की खिशातून खडूचा तुकडा काढून ते गाडीच्या नाकासमोर जमिनीवर एक किंवा दोन शब्द लिहीत. दोनाच्या वर कधीच नाही. 'पाण्याचा पंप.' 'तिसरा व्हॉल्व्ह.' गेल्या वर्षी एका गृहस्थांच्या गाडीपुढे त्यांनी नुसतंच 'मालक' असं लिहिलं होतं, कारण गाडीत काहीच बिघाड नव्हता. ते गृहस्थ क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायचे. लिहिलेलं दुरुस्त होऊन गाडी बाहेर पडली की मगच ती अक्षरं फडक्याने पुसली जायची. चौतीस वर्षांत उस्तादांना आपला शब्द त्याआधी पुसावा लागला नव्हता, आणि दुसऱ्या कुणी तो पुसायचा तर प्रश्नच नव्हता.

त्यांच्या कानांबद्दल लोक काहीबाही सांगत. कुणी म्हणे, उस्तादांनी नुसत्या फोनवर गाडीचा आवाज ऐकून गिअरचा कितवा दात तुटलाय ते सांगितलं. ही शुद्ध थाप होती. पण उस्तादांनी ती कधी खोडून काढली नव्हती, आणि त्यांच्या लेकीनेही नाही.

लेक एकतीस वर्षांची. लहानपणी ती पाचही बोटांत वायसर घालून अंगठ्या म्हणून मिरवायची, म्हणून तिचं नाव वायसर पडलं ते पडलंच. आता त्याच हातांनी ती अख्खा गिअरबॉक्स उतरवून चढवत असे, आणि तिने घट्ट केलेला नट सैल करायला गडी माणसाला घाम फुटे. असं काही काम नव्हतं जे उस्ताद तिच्यावर सोपवत नसत. एक सोडून. ऐकायची वेळ आली की तिने बॉनेटच्या पलीकडच्या बाजूला, त्यांच्या बरोबर समोर, जाळीचा दिवा धरून उभं राहायचं. बस. भर दुपारी, लख्ख उजेडातसुद्धा.

"दिवा जरा वर धर," उस्ताद म्हणायचे.

"बाबा, इंजिन खाली आहे."

"वर धर म्हटलं ना."

ती धरायची. पूर्वी ते डोळे मिटून ऐकत. हल्ली एकदोन वर्षांत उघडे ठेवून, समोर कुठेतरी बघत ऐकायला लागले होते. वय झालं की माणूस सवयी बदलतो, असं तिला वाटे. आपण मात्र साठीला पोचलो तरी दिवा धरणारीच राहणार, असंही वाटे, आणि त्या दिवशी मग तिच्या हातून पाने जरा जास्तच जोरात आपटले जात. उस्ताद काही म्हणत नसत.

त्या गुरुवारी सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई आपली गाडी घेऊन आल्या. गडद हिरवी, दोनच माणसांची, पोट जमिनीला घासेल इतकी बुटकी. तिच्या इंजिनावर सुपरचार्जर होता. म्हणजे हवेचा पंप. इंजिनाच्याच पट्ट्यावर तो फिरतो आणि इंजिनाच्या नरड्यात जास्तीची हवा कोंबतो. त्या कोंबलेल्या हवेला बूस्ट म्हणतात आणि ती मोजायला समोर एक वेगळा काटा असतो. बाई दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावायच्या आणि रविवारी पहाटे एकट्याच ही गाडी घेऊन घाटात जायच्या. नवऱ्याला त्यांनी एकदाच शेजारी बसवलं होतं. त्या दिवसापासून तो रविवारी उशिरा उठायला लागला.

"चढावर दाबली की काटा अर्ध्यापर्यंत जातो आणि तिथेच हात टेकतो," बाई सांगत होत्या. "मग मागे येतो. भूल दिलेल्या जिभेसारखी होते हो गाडी. आहे, पण नाही."

दुसऱ्या एका गॅरेजात दोन महिन्यांपूर्वी त्यांनी नवा पट्टा घालून घेतला होता. आता तेच लोक म्हणत होते, सुपरचार्जर गेला. या मॉडेलचा सुपरचार्जर आता कुणी बनवत नाही. जुना कुठे मिळाला तर मिळाला, तोवर गाडीवर कापड घालून ठेवा.

"तुम्ही सांगाल ते शेवटचं, उस्ताद. तुम्हीही तेच म्हणालात तर मी ती विकून टाकते. कापड घातलेली मला बघवणार नाही."

बापलेकीने आधी सोप्या गोष्टी पाहून घेतल्या. हवेच्या नळ्यांत धूर सोडला. कुठूनही बाहेर आला नाही, म्हणजे गळती नाही. जास्तीची हवा सोडणारी झडप हाताने उघडझाप करून पाहिली. ती ठीक होती. उरल्या दोन शक्यता. एक तर पट्टा घसरतोय, म्हणजे इंजिन जोरात फिरतं पण पंप त्याच्यामागे तेवढा फिरत नाही. नाहीतर पंपाच्या आतले, हवा ढकलणारे रोटरच झिजलेत. पट्टा घसरत असेल तर एकदम झटका दिल्यावर तो चिरकतो, अगदी बारीक, टोकदार. रोटर झिजले असतील तर पट्टा गप्प राहतो. म्हणजे आता ऐकायची वेळ होती.

अशा वेळी गाडीत बसून पेडल दाबायचं काम गॅरेजातल्याच इलेक्ट्रिशियन काकांचं. पण काकांची पाठ धरली होती आणि ते घरी पालथे पडून होते. उस्ताद डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "तुम्ही बसा."

"छे हो. दाढ काढताना मी पेशंटच्या नातेवाइकांना बाहेरच बसवते. मी इथेच बरी."

"मी बसते की," वायसर म्हणाली आणि दार उघडून आत शिरलीसुद्धा.

उस्ताद घुटमळले. "मग दिवा कोण धरणार?"

"बाबा, सकाळचे अकरा वाजलेत."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग उस्तादही हसले, जरा उशिराने, आणि त्यांनी डावा हात मडगार्डवर टेकला. पंखा बंद झाला. वायसरने इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं आणि खूण होताच पेडलला झटका दिला.

चिर्र.

उघड्या खिडकीतून तो आवाज तिच्या कानात टाचणीसारखा शिरला. पट्टा. शंकाच नको. तिने पेडल सोडलं आणि बाबा आता हात वर करतील म्हणून वाट पाहिली. एरवी त्यांना एकदाच पुरायचं. त्यांनी 'आणखी' अशी खूण केली. तिने दिला झटका. चिर्र. त्यांनी मान वर करून पुढच्या काचेकडे पाहिलं आणि पुन्हा खूण केली. तिसऱ्यांदा तर तो इतका स्पष्ट चिरकला की आत बसल्याबसल्या तिचे दात आंबले. उस्ताद काचेकडे बघतच होते. मग त्यांनी हात वर केला, खडू काढला, गुडघ्यावर बसले आणि लिहिलं.

ती उतरून पुढे आली तेव्हा जमिनीवर दोन शब्द होते. 'रोटर झिजले.'

तोंडापर्यंत आलेलं तिने गिळलं, कारण खडूच्या शब्दापुढे गिऱ्हाइकासमोर वाद घालायचा नाही, हाही न लिहिलेला नियमच होता. डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं, 'बरं' म्हणाल्या आणि गाडीच्या छपरावरून हात फिरवला. मग त्या पर्स शोधायला लागल्या, जी त्यांच्या खांद्यालाच होती.

"उद्या दहाला येते. उघडताना मला इथे असायचंय," त्या म्हणाल्या.

"उद्या उघडू," उस्ताद म्हणाले. त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही.

दुपारभर वायसर एका मालवाहू गाडीचे ब्रेक करत होती आणि मन थाऱ्यावर नव्हतं. गेल्या कित्येक दिवसांतल्या बारीकसारीक गोष्टी एकेक करून समोर येत होत्या. बाबांचा मोबाइल वाजत राहतो आणि ते शेजारी बसून चहा पितात. बॅटरी चार्जर काम झाल्याचा इशारा देतो आणि ते विचारतात, झाली का गं. मध्ये छपरात पाखरांनी घरटं केलं होतं. सगळे वैतागले होते त्या कलकलाटाला, आणि बाबा म्हणाले होते, राहू द्या, कुणाला त्रास आहे त्यांचा.

तिला स्वतःची लाज वाटत होती, तरी तिने ते केलंच. बाबा पाठमोरे बसून पाने पुसत होते. ती मागे चार पावलांवर उभी राहिली आणि तिने मनगटावरच्या घड्याळाचा गजर सुरू केला. टीं टीं, टीं टीं. बाबा पाने पुसत राहिले. चौदाचा पुसला, पंधराचा पुसला. ती आणखी दोन पावलं पुढे गेली. गजर आता त्यांच्या मानेपासून हातभर अंतरावर होता. त्यांनी सोळाचा उचलला. तिने गजर बंद केला आणि ब्रेकच्या कामाकडे परत गेली, आणि बराच वेळ तिला समोरचा नट नीट दिसला नाही.

घर गॅरेजच्या वरच होतं. चारला ती चहाला वर गेली तेव्हा आई भाजी निवडत बसली होती.

"आई, बाबांना ऐकू येत नाही."

"बारीक आवाज येत नाहीत," आई शेंगेचा दोरा ओढत म्हणाली. "किटलीची शिट्टी, दारावरची घंटा, मी. जाड आवाज सगळे येतात. तुझ्या आत्याचं बोलणं नीट ऐकू येतं, ते माझं नशीब."

"तुला माहीत होतं?"

"कानाच्या डॉक्टरकडे कोण घेऊन गेलं मग? दोन वर्षं झाली. यंत्र बसवा म्हणाला तो. हे म्हणाले, बघू. कागद माझ्या साड्यांखाली ठेवलाय. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली, मग मी काय करणार."

वायसरने सकाळचं सगळं सांगितलं. आईचे हात थांबले.

"उद्या तो पंप उघडला आणि रोटर चांगले निघाले तर?"

"तर बाई विचारतील, उस्ताद, कसं झालं हो हे. काका ऐकतील. परवापर्यंत गावभर."

"मोडून जातील गं ते," आई म्हणाली. पुढचा अर्धा तास ती शेंगा टोपलीत आणि दोरे पातेल्यात टाकत राहिली.

पाचला उस्ताद नेहमीसारखे पाय मोकळे करायला बाहेर पडले. वायसर गाडीखाली गेली. आरसा आणि टॉर्च घेऊन तिने ते सगळं पाहिलं जे सकाळी कुणी पाहिलं नव्हतं, कारण उस्तादांचं म्हणणं असायचं, कान आधी, डोळे मग. पुलीच्या मागे रबराची काळी भुकटी साचली होती. पट्टा दोनच महिन्यांचा, पण आतून घोटल्यासारखा चकाकत होता. आणि पट्टा ताणून धरणारा जो स्प्रिंगचा दांडा असतो, तो पार शेवटच्या टोकाला जाऊन अडला होता; आणखी ताणायला त्याला जागाच उरली नव्हती. तिने पट्ट्यावरचा नंबर वाचला आणि पुस्तकातल्या नंबराशी ताडून पाहिला. त्या दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी दोन बोटं लांब पट्टा घातला होता. साधी गाडी चालवताना तो कसाबसा पकड धरायचा आणि जोर मागितला की घसरायचा. सुपरचार्जर बिचारा ठणठणीत होता.

ती तशीच उठून कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेली आणि बरोबर नंबरचा पट्टा घेऊन आली. रात्री अंथरुणात तिचा बेत पक्का झाला. सकाळी सहाला खाली जायचं, गुपचूप पट्टा बदलायचा. मग बाबांना म्हणायचं, उघडण्याआधी एकदा चालवून तर बघू. गाडी धावेल. बाई म्हणतील, चमत्कार झाला. लोक उस्तादांच्या हातगुणाबद्दल आणखी एक थाप सांगतील. खडूचे शब्द नेहमीसारखे गाडी गेल्यावर पुसले जातील आणि कुणाला काही कळणार नाही. बेत चांगला होता. तरी तिला झोप लागली नाही, कारण तिने बाबांना आजवर एकदाही फसवलं नव्हतं.

सकाळी सहाला ती पट्टा हातात घेऊन जिना उतरली, आणि बाबा आधीच तिथे होते.

स्टूल टाकून ते हिरव्या गाडीसमोर बसले होते. केस विंचरलेले नव्हते. तिने पट्टा पाठीमागे धरला.

"काल काचेवर ऊन होतं," उस्ताद म्हणाले.

"काय?"

"या काचेवर. अकराचं ऊन बरोबर तिथे पडतं. तीन वेळा बघितलं मी. तुझं तोंड दिसेना."

तिला काही उमजलं नाही. "माझं तोंड कशाला बघायचं?"

उस्तादांनी खिशातला खडू काढला, परत ठेवला. मग म्हणाले, "दोन वर्षं तेच बघतोय मी. पट्टा चिरकत असला की तुझा डावा डोळा बारीक होतो. लहानपणी औषध पाजताना व्हायचा तसाच. बेअरिंग वाजत असलं की खालचा ओठ आत जातो. व्हॉल्व्हची टिकटिक असली की मान हलते, तुझं तुला कळत नाही. आणि काहीच नसलं की तू कंटाळतेस. त्या क्लचवाल्या गृहस्थांच्या वेळी तू जांभई दिलीस, म्हणून मी 'मालक' लिहिलं."

वायसरची नजर जाळीच्या दिव्याकडे गेली.

"आणि दिवा?" तिने विचारलं.

"वर धर का म्हणतो मग? उजेड तोंडावर पडायला हवा ना."

तिला आधी राग आला, खराखुरा. दोन वर्षं ती दिवा धरून चरफडत होती. बाबांचा आपल्या कानांवर विश्वास नाही म्हणून मनातल्या मनात भांडत होती, आणि या माणसाने तिच्या कानांवाचून एक शब्द लिहिला नव्हता. "मग मला विचारायचं होतं," ती म्हणाली. आवाज चढला होता. "सरळ विचारायचं. काय ऐकलंस गं, एवढंच."

"विचारलं असतं तर ते खरं झालं असतं," उस्ताद म्हणाले.

एवढं बोलून ते जमिनीकडे बघत बसले. त्यांची मान इतकी बारीक कधी झाली, ते तिने पाहिलंच नव्हतं. राग जसा आला तसा गेला, आणि त्याच्या जागी उरली ती नुसती माया. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली, म्हणजे त्यांना तोंड दिसेल अशी.

"काल लिहायला नको होतं मी," ते म्हणाले. "कळत होतं मला. पण त्या बाई वाट बघत उभ्या, आणि चौतीस वर्षांची सवय. हातच गेला. रात्रभर तेच. चांगला पंप उघडून ठेवला असता मी आज, आणि बाईंनी गाडी विकली असती." मग त्यांनी मान वर केली. "काय ऐकलंस काल?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी तिला पहिल्यांदा विचारला.

"पट्टा," ती म्हणाली. "तिन्ही वेळा. तिसऱ्यांदा तर दात आंबले."

"आणि पाठीमागे काय लपवलंयस ते?"

तिने पट्टा पुढे केला. मग काल संध्याकाळी काय काय पाहिलं तेही सांगितलं. उस्ताद आरसा घेऊन स्वतः गाडीखाली गेले. शेवटच्या टोकाला अडलेल्या दांड्यावर त्यांनी बोट फिरवलं आणि रबराची भुकटी चिमटीत धरून पाहिली. "ढळढळीत दिसतंय की," त्यांचा खालून आवाज आला. "आंधळा म्हणतील लोक मला. त्यापेक्षा बहिरा म्हणा."

ती हसली आणि त्याच वेळी तिचे डोळे वाहायला लागले. बाबा खाली होते म्हणून बरं, त्यांना फक्त तिचे पाय दिसत होते.

"चला, घालून टाकू," ती नाक पुसत म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम आहे. बाई येतील तोवर गाडी तयार. त्यांना काही सांगायची गरजच नाही."

उस्ताद बाहेर आले, उठून बसले. "नाही. त्या येईपर्यंत हात लावायचा नाही."

"का पण?"

"जमिनीवर चुकीचं लिहिलंय मी, वायसर. ते आहे तोवर त्याच्यावर बरोबर काम करायचं, हे मला जमणार नाही."

दहाला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्यामागोमाग कंबरेला पट्टा बांधून, एकेक पाऊल मोजत इलेक्ट्रिशियन काकाही आले. कुठून कसं कळलं कोण जाणे, पण आईसुद्धा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसली होती; हातात निवडायला काही नव्हतं.

उस्तादांनी खिशातून स्वतःचा हातरुमाल काढला. गॅरेजात फडक्यांचा ढीग पडलेला असताना त्यांनी हातरुमाल काढला, पिंपातल्या पाण्यात बुडवला, पिळला आणि ते गाडीच्या नाकासमोर गुडघ्यांवर बसले. काकांच्या हातातली पिशवी तशीच राहिली. 'झिजले' आधी पुसलं, मग 'रोटर'. खडू जमिनीत मुरला होता. ते पुसत राहिले. वायसरला वाटलं, पुढे व्हावं, त्यांच्या हातून रुमाल घ्यावा. ती हलली नाही, कारण हे त्यांचं काम होतं.

"बाई, काल मी चुकलो," उस्ताद खालूनच म्हणाले. "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. दोन वर्षं झाली. काल जे होतं ते हिने ऐकलं, मी नाही. तुमचा सुपरचार्जर चांगला आहे."

नियम पाळल्यासारखे सगळे गप्प होते. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणजे विकायची नाही?"

"विकू नका," वायसर म्हणाली.

बाईंनी छपरावर हात ठेवला आणि मोठा श्वास सोडला. मग त्या उस्तादांकडे वळल्या. "माझ्याकडे पेशंट येतात उस्ताद, दुखतोय डावा दात आणि दाखवतात उजवा. स्वतःची चूक स्वतः पुसणारा अजून एकही आला नाही." त्यांनी हात पुढे केला, आणि उस्ताद तो धरून उठले.

उठल्यावर त्यांनी खडूचा तुकडा वायसरच्या हातावर ठेवला. तुकडा त्यांच्या खिशाच्या उबेने कोमट होता. ती ओल्या जमिनीशेजारची कोरडी जागा बघून बसली आणि तिने लिहिलं. 'लांब पट्टा.' तिचं अक्षर काही फार बरं नव्हतं. जिन्यावरून आई म्हणाली, "मोठं काढ गं जरा, मला इथून दिसत नाही."

पट्टा बदलायला खरंच अर्धा तास लागला. दांडा आता दोन खुणांच्या मधोमध आला, जिथे तो असायला हवा. डॉक्टरीणबाई गाडी घेऊन गेल्या आणि वीस मिनिटांनी परत आल्या, केस विस्कटलेले, गाल लाल. काटा वरपर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला, असं त्यांनी सगळ्यांना दोनदा सांगितलं, काकांना तीनदा. मग त्या गेल्या, आणि वायसरने आपले पहिले दोन शब्द फडक्याने पुसले.

दुपारी जेवणं झाल्यावर एक बेकरीची गाडी आली. पुढून घरघर येते म्हणून तक्रार होती. वायसरने बॉनेट उघडलं आणि सवयीने दिव्याकडे हात नेला. दिवा जागेवर नव्हता. तो बाबांच्या हातात होता आणि बाबा पलीकडच्या बाजूला, तिच्या बरोबर समोर उभे होते.

तिने डावा हात मडगार्डवर टेकला. पंखा बंद झाला, मोबाइल डब्यात पडले, बेकरीवाला भिंतीशी जाऊन गप्प उभा राहिला. बाहेर लख्ख ऊन होतं. उस्तादांनी दिवा वर धरला, आणखी जरा वर, उजेड तिच्या तोंडावर पडेपर्यंत.

"बाबा, इंजिन खाली आहे," ती हळूच म्हणाली.

त्यांना ते ऐकू गेलं नसावं, पण ओठ वाचता आले असावेत. "माहीत आहे मला," ते म्हणाले आणि दिवा त्यांनी तसाच धरून ठेवला.

काकांनी इंजिन चालू केलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली. तिचा खालचा ओठ आत गेला. ती डोळे उघडून खिशातला खडू काढेपर्यंत उस्तादांनी बेअरिंग काढायचा पुलर आणून तिच्या शेजारी ठेवला होता.